पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू होत नाही? आधी कुठे अडलंय ते बघा

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे गणपतीला चाकरमान्याने मुंबईहून आणलेला जुना लॅपटॉप असो, नाहीतर आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा बागेतला संगणक, अशी धडधाकट यंत्रं आता लिनक्सकडे वळताहेत. वळावीतच. नवशिके मात्र खुद्द लिनक्सपाशी अडत नाहीत, त्याच्या एक पायरी आधी पेनड्राइव्हपाशी अडतात. मग तीच फाइल पुन्हा उतरवतात, तोच पेनड्राइव्ह पुन्हा लिहितात, बायोसमधली (यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालतं ते बोर्डावरचं सॉफ्टवेअर) पाच-सहा सेटिंगं एकदम बदलतात, आणि शेवटी नेमकं कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं ते कळतच नाही.

बटण दाबल्यापासून लिनक्सचा पडदा दिसेपर्यंत कामाची एक ठरलेली साखळी असते. उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवर नीट लिहिलेली असायला हवी, बायोसला तो पेनड्राइव्ह दिसायला हवा, त्यावरचा ग्रब हा मेनू उघडायला हवा, ग्रबने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू करायला हवा आणि कर्नलला तुमची डिस्क सापडायला हवी. कडी कुठली तुटली ते पडदा स्वतःच सांगतो. म्हणून दोन गोष्टी पाळा: एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलाआधी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा.

सुरुवातीलाच आणखी एक. पेनड्राइव्हवर आहे ते सगळं पुसलं जाणार, आणि लॅपटॉपवरचंही चुकून पुसलं जाऊ शकतं. लग्नाचे फोटो, शेताचे कागद, हिशेबाच्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.

शेवटचं काय दिसलं?

सरळ विंडोजच सुरू झालं किंवा ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं आलं, तर यंत्राने पेनड्राइव्हकडे पाहिलंच नाही, किंवा पाहिलं पण त्यावर सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ किंवा ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ हे शब्द असले तर अडथळा सिक्युअर बूटचा. काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ आणि पुढे लुकलुकणारी रेघ, किंवा ‘फेल्ड टू लोड एलडीलिनक्स’ असं दिसलं तर बहुधा पेनड्राइव्ह लिहिण्यात चूक झालीय. मेनू आला, पहिला पर्याय निवडला आणि पुढे मिट्ट काळोख, तर ग्राफिक्स कार्ड तपासायचं. ‘स्क्वॉशएफएस एरर’च्या ओळींची रांग लागली, किंवा ‘इनिटरामएफएस’ असं लिहून यंत्र थांबलं, तर कर्नल सुरू झालाय पण पेनड्राइव्हवरचं पुढचं त्याला वाचता येत नाहीये. आणि सगळं छान चालू होऊन इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर उत्तर बायोसमध्ये आहे.

एक संदेश मात्र निराळा: ‘या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो, पण आय६८६ सापडला’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. तुमचा प्रोसेसर ३२ बिटचा आहे आणि तुम्ही ६४ बिटची फाइल घेतलीत. इथे पेनड्राइव्ह कितीही वेळा लिहा, उपयोग नाही. उबुंटू, मिंट आणि डेबियन ही लिनक्सचीच वेगवेगळी रूपं. उबुंटूने ३२ बिटची डेस्कटॉप फाइल २०१७ साली बंद केली, मिंटने २०२०मध्ये, आणि डेबियन १३मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. अशा यंत्रासाठी डेबियन १२ची ३२ बिट फाइल घ्यावी.

फाइल: इथे घाई करू नका

लिनक्स ज्या फाइलमधून येतं ती आयएसओ फाइल. मिंटची सुमारे तीन जीबी, उबुंटू २४.०४ची सहा जीबीच्या आसपास. जुन्या यंत्राला आणि पहिल्यांदा करणाऱ्याला मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बरी: ती ४ जीबी रॅमवर समाधानकारक चालते आणि उतरवायलाही निम्मी. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये मोबाइलची रेंज येते-जाते, पावसात तर जास्तच. तीन जीबी उतरताना मध्ये तुटलं की ब्राउझर कधी कधी अर्धवट फाइललाच पूर्ण समजतो. नाव बरोबर, आकारही जवळपास बरोबर, पण शेवटचा तुकडा नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, टोरंटने उतरवा. मिंट, उबुंटू, डेबियन तिघांच्याही अधिकृत पानावर टोरंटचा दुवा असतो. टोरंट फाइलचे तुकडे करून प्रत्येक तुकडा तपासतं, चुकीचा आला तर पुन्हा मागवतं, आणि रेंज गेली तर आली की तिथूनच पुढे सुरू करतं. रात्री लावून ठेवलं की सकाळी पूर्ण.

दुसरा उपाय म्हणजे ठसा जुळवणं, आणि तो टोरंट वापरलं तरी करावा. अधिकृत पानावर प्रत्येक फाइलसोबत एसएचए२५६ नावाचा ६४ अक्षरांचा ठसा दिलेला असतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हा ठसा पार बदलतो. विंडोजवर यासाठी वेगळं काही बसवायची गरज नाही. पेनड्राइव्ह लिहायला पुढे जे साधन वापरायचंय त्या रूफसमध्येच आयएसओ निवडली की शेजारी बरोबरच्या खुणेचं छोटं बटण असतं, ते दाबलं की दोन-तीन मिनिटांत ठसे समोर येतात. सगळी ६४ अक्षरं डोळ्यांनी जुळवायचा हट्ट नको. पहिली आठ आणि शेवटची आठ जुळली तर उतरवताना फाइल खराब झालेली नाही. न जुळल्यास फाइल टाकून द्या. ‘बघू चालतेय का’ म्हणून ती पुढे नेली, तर इन्स्टॉल ७० टक्क्यांवर थांबेल आणि तुम्ही दोष भलत्यालाच द्याल.

हेही सांगायला हवं: आयएसओवर पुष्कळदा विनरारचं चित्र दिसतं, म्हणून लोक ती उघडून आतल्या फाइली पेनड्राइव्हवर ओढतात, किंवा सबंध आयएसओ तशीच कॉपी करतात. दोन्हींनी पेनड्राइव्ह बूट होईल असं समजू नका. आयएसओ लिहावी लागते, आणि त्याला वेगळं साधन लागतं.

पेनड्राइव्ह आणि खारी हवा

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, १६चा असला तर निर्धास्त. नाव माहीत नसलेला, रस्त्यावर स्वस्तात मिळणारा ‘दोन टीबी’चा पेनड्राइव्ह मात्र घेऊच नका. आत चिप लहान असते आणि वर मोठा आकडा सांगणारं सॉफ्टवेअर भरलेलं असतं. मर्यादेपलीकडे लिहिलेलं सगळं गायब होतं, आणि लिहिताना चूकही दाखवली जात नाही. शंका असेल तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही फुकट साधनं पेनड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचतात आणि खरी जागा सांगतात. ३२ जीबीच्या संथ पेनड्राइव्हला यात दोनेक तास जातात, जाऊ द्यावेत.

आता किनाऱ्यावरची खास गोष्ट. हर्णे, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ले, कुठल्याही समुद्रालगतच्या घरात दोन पावसाळे टेबलावर पडलेला पेनड्राइव्ह उचला आणि तोंडाशी टॉर्च धरा. आत चार सपाट पट्ट्या दिसतील, निळ्या जिभेचा यूएसबी ३चा असेल तर त्यामागे आणखी पाच बारीक. पट्ट्या स्वच्छ पिवळ्या असायला हव्यात. त्यांवर तपकिरी डाग, काळसर थर किंवा कडेला हिरवट बुरा दिसला तर मिठाच्या ओलाव्याने धातू खाल्लाय. असा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये दिसतो, छोट्या फाइलीही उघडतो, पण सलग तीन जीबी वाचताना मध्येच क्षणभर संपर्क तुटतो. विंडोज तो क्षण सांभाळून घेतं, बूट होत असलेलं लिनक्स ‘स्क्वॉशएफएस एरर’ देऊन थांबतं. एकाच पेनड्राइव्हवर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल तर आधी संशय याच पट्ट्यांवर घ्या.

साफ करायला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, तिथे त्याला आयपीए म्हणतात. कान कोरायच्या कापसाच्या काडीचा थोडा कापूस काढून ती बारीक करा, दोन थेंब घ्या, पट्ट्यांवर आतून बाहेर चार-पाच वेळा फिरवा. थर चिवट असला तर शाळेतला पांढरा खोडरबर पातळ कापून हलकेच घासा आणि चुरा नीट झटका. दहा मिनिटं वाळू द्या. लॅपटॉपचं पोर्टही तसंच, पण लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, आणि जमत असेल तर बॅटरीही काढून. सुई किंवा टाचणी आत घालू नका, पोर्टातली जीभ मोडली की पोर्ट गेलं. हिरवट बुरा आत खोलवर असला तर पेनड्राइव्ह बदला, तो विश्वासाचा राहिलेला नाही. नवा घेतला की घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येते त्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. तांदळात ठेवायची पद्धत आहे, पण तांदळाची पूड पोर्टात जाते.

लिहिणं

विंडोज असेल तर रूफस. यंत्र जुनं असेल आणि काय निवडावं ते कळत नसेल तर ‘पार्टिशन स्कीम’ला एमबीआर ठेवा, त्याने जुन्या बायोसवर आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या यूईएफआयवर दोन्हीकडे बहुतेक वेळा काम भागतं. ‘स्टार्ट’ दाबल्यावर रूफस बहुधा विचारतं की आयएसओ पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने. पहिल्यांदा आयएसओ निवडा. त्याने लिहिलेला पेनड्राइव्ह बूट झाला नाही, विशेषतः ‘एलडीलिनक्स’ किंवा नुसतं ‘ग्रब’ आलं, तर दुसऱ्यांदा डीडी निवडा. आयएसओ पद्धतीत रूफस फाइली वेगवेगळ्या मांडतं आणि बूटचा भाग स्वतःचा बसवतं. डीडी पद्धतीत फाइल जशी आहे तशी, बिट न् बिट उतरते, मध्ये कुणाचा हात लागत नाही. आयएसओ पद्धतीत कधी कधी रूफस नेटवरून एक-दोन छोट्या फाइली मागतं. रेंज नसल्याने ते तिथेच अडलं तरी डीडी पद्धत वापरावी.

बलेना एचर हे दुसरं साधन. पर्याय जवळजवळ नाहीतच, आणि लिहून झाल्यावर ते स्वतः परत वाचून पडताळतं. ही पडताळणी घाईत ‘स्किप’ करू नका. खराब पेनड्राइव्ह इथेच सापडतो.

घरात दुसरा संगणक नसेल तर ओटीजी चालणाऱ्या, म्हणजे पेनड्राइव्ह थेट जोडता येणाऱ्या, अँड्रॉइड मोबाइलवरून एचड्रॉइड या ॲपने पेनड्राइव्ह लिहिता येतो. मोबाइल पूर्ण चार्ज करा, पाटावर ठेवा आणि संपेपर्यंत हात लावू नका. ओटीजीचा जोड जरा हलला तरी लिहिणं तुटतं.

साधा यूएसबी २चा पेनड्राइव्ह सेकंदाला पाच-दहा एमबी लिहितो, म्हणजे मिंटला पाच ते दहा मिनिटं लागतात. लिनक्सवरून लिहिताना पट्टी १०० टक्क्यांवर पोचली तरी बराच मजकूर अजून रॅममध्येच असू शकतो, त्यामुळे ‘इजेक्ट’ करून ‘आता काढा’ असं येईपर्यंत थांबा. लिहून झाल्यावर विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ म्हणून विचारेल. नाही म्हणा. पेनड्राइव्हवरची मांडणी विंडोजला वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. हो म्हटलंत की लिहिलेलं सगळं गेलं. पेनड्राइव्हचा आकार अचानक चार-पाच एमबी दिसला तरी घाबरू नका, विंडोजला त्यातला फक्त छोटा बूटचा भाग दिसतोय.

बूट मेनू हाती लागत नाही

लॅपटॉप पूर्ण बंद, पेनड्राइव्ह आत, बटण दाबलं की लगेच ठरलेली कळ टपटप दाबत राहायची. डेल, लेनोवो आणि एसरवर एफ१२. एचपीवर आधी एस्केप, मग एफ९. असूस लॅपटॉपवर एस्केप. डेस्कटॉपच्या बोर्डांत गिगाबाइटवर एफ१२, एमएसआयवर एफ११, असूसवर एफ८. नव्या लॅपटॉपांत या कळांसोबत एफएन दाबावी लागू शकते. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपांत एफ१२ कारखान्यातूनच बंद असते, त्यासाठी एफ२ने बायोस उघडून ‘एफ१२ बूट मेनू’ चालू करावं लागतं. काही लेनोवोंच्या कडेला टाचणीएवढं भोक असतं, बंद स्थितीत त्यात टाचणी दाबली की मेनू येतो.

कळ दाबूनही विंडोजच येत असेल तर बहुतेक वेळा कारण असं: विंडोज ‘शट डाउन’ म्हटल्यावर पूर्ण बंद होतच नाही, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धी झोप घेतं. शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’ दाबा. निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ आलं तर तिथूनच पेनड्राइव्ह निवडा, नाही आलं तर ‘ट्रबलशूट’मधून यूईएफआय सेटिंगमध्ये जा. फास्ट स्टार्टअप विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये कायमचं बंद केलेलं चांगलं, नाहीतर पुढे लिनक्समधून विंडोजच्या फाइलींवर लिहिता येणार नाही.

मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा आधी ‘यूईएफआय’ लावून. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचं असेल तर दोघांची पद्धत एकच हवी. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’पुढे यूईएफआय असेल तर यूईएफआयवाली ओळ, लेगसी असेल तर दुसरी. चुकलं तर इन्स्टॉल पूर्ण होतं, पण नंतर मेनूत विंडोज दिसत नाही आणि घरातली माणसं म्हणतात, सगळं पुसलं. पुसलेलं नसतं. पद्धत बदलून पुन्हा करावं लागतं एवढंच.

पेनड्राइव्ह मेनूत दिसतच नसेल तर पोर्ट बदला. जुन्या लॅपटॉपचं बायोस निळ्या यूएसबी ३ पोर्टला सुरुवातीला ओळखत नाही, काळं यूएसबी २ पोर्ट वापरा. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टांना आत लांब वायर असते आणि तिचे जोड सैल होतात, म्हणून मागचं पोर्ट घ्या. मध्ये हब नको. ‘इनिटरामएफएस’वर थांबणारी पुष्कळ यंत्रं नुसतं पोर्ट बदलून पुढे सरकतात.

वर्षभर बंद राहिलेल्या गावच्या घरातल्या यंत्रात आणखी एक दुखणं असतं, आणि ते सहसा लक्षात येत नाही. बोर्डावरची सीआर२०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपलेली असते. मग दर वेळी प्लग काढला की तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षावर जाते आणि तुम्ही बदललेली बायोसची सेटिंगंही पुसली जातात. काल चालत होतं, आज नाही, असं वाटत राहतं. आधी बायोसमध्ये तारीख बघा. ती चुकली असेल तर बॅटरी बदला. लॅपटॉपात तिला बहुधा दोन वायरी आणि छोटा कनेक्टर असतो, तसलीच मागा. तारीख मागे असली की लिनक्समध्ये वेबसाइटी ‘सर्टिफिकेट’ची तक्रार करतात आणि अपडेट ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारले जातात. त्याचंही मूळ हेच.

सिक्युअर बूट

सिक्युअर बूट म्हणजे यंत्र फक्त सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू करतं. उबुंटू, मिंट, फेडोरा आणि डेबियन १० पासून पुढच्या आवृत्त्यांकडे मान्य सही आहे, म्हणून ते बंद करण्याची गरज एरवी पडत नाही. तरी अडलं तर आपण कुठली फाइल घेतलीय ते बघा. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने जुन्या बूटलोडरांच्या सह्या रद्द केल्या. त्यानंतर जुन्या पेनड्राइव्हवर ‘एसबीएटी सेल्फ-चेक फेल्ड’ असं येऊन यंत्र बंद होऊ लागलं. इलाज साधा आहे: ताजी आयएसओ उतरवा. दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला पेनड्राइव्ह शेजाऱ्याला देण्याआधी हे लक्षात ठेवा.

व्हेंटॉय वापरत असाल, म्हणजे एका पेनड्राइव्हवर चार-पाच आयएसओ नुसत्या कॉपी करून ठेवायची सोय, तर पहिल्या वेळी निळा पडदा येतो. ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’ निवडा, ‘व्हीटॉयईएफआय’ निवडा, त्यातली ‘एनरोल धिस की’ने सुरू होणारी फाइल निवडून मान्य करा आणि रीस्टार्ट करा. त्या यंत्रावर हे एकदाच करायचं.

सिक्युअर बूट बंद करावंच लागलं तर आधी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्कच्या कुलपाकडे लक्ष द्या. विंडोज ११ असलेल्या, मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या लॅपटॉपांत डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये हा बदल केला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बदल करण्याच्या आधी तिथून काढून कागदावर उतरवा. ती सापडली नाही तर डिस्कवरचे फोटो कायमचे जाऊ शकतात. एचपीवर बदल केल्यावर पुढच्या वेळी पडद्यावर चार अंक येतात, ते टाइप करून एंटर दाबल्याशिवाय बदल लागू होत नाही. एसरवर सिक्युअर बूटची ओळ फिकट दिसत असेल तर आधी ‘सुपरवायझर पासवर्ड’ ठेवावा लागतो. तोही कागदावर लिहा.

मेनूनंतर काळोख

ग्राफिक्स कार्ड, बहुधा एनव्हीडियाचं, सुरुवातीच्या ड्रायव्हरशी जमवून घेत नाही. यंत्र चालू असतं, फक्त चित्र येत नाही. मिंटच्या मेनूत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ आणि उबुंटूच्या मेनूत ‘सेफ ग्राफिक्स’ असा पर्याय असतो, आधी तो घ्या. तसा पर्याय नसेल तर:

१. मेनूतली पहिली ओळ उजळलेली असताना कीबोर्डवरचं इंग्रजी ‘ई’ अक्षर दाबा. एंटर नको.
२. चार-पाच ओळी दिसतील. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. ती लांब असते आणि पुढच्या ओळीवर वळते.
३. त्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द सापडतील. त्यांच्यापुढे एक जागा सोडून नोमोडसेट लिहा: नो, मोड, सेट हे तीन इंग्रजी शब्द, मध्ये जागा न सोडता, सगळी लहान अक्षरं.
४. एफ१० दाबा.

हा बदल त्या एका वेळेपुरता असतो, काही बिघडत नाही. पडदा मोठ्या ढोबळ अक्षरांत आला तरी चालेल. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या बूटलाही हेच करावं लागेल, मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून एनव्हीडियाचा ड्रायव्हर घातला की सुटका.

डिस्क दिसत नाही, वायफाय दिसत नाही

इंटेलच्या काही लॅपटॉपांत डिस्क ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ पद्धतीने जोडलेली असते. बायोसमध्ये ‘साटा मोड’ शोधून ती ‘एएचसीआय’ करा. अकराव्या पिढीपासून पुढे ही जागा ‘व्हीएमडी’ने घेतली आहे, ती बंद करायची. एसरवर ती ओळ लपलेली असते: ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस दाबल्यावर प्रकट होते. विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल थेट केल्यास विंडोज निळा पडदा देतं. म्हणून आधी विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘बूट’ पानावर ‘सेफ बूट’ची खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये बदल करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि खूण काढा. बिटलॉकरची की इथेही हाताशी हवी.

वायफाय नसलं तर मोबाइल यूएसबी वायरीने जोडा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला तो तारेचं नेट म्हणून लगेच ओळखता येतो. राहिलेला वायफायचा ड्रायव्हर त्यावरून उतरवता येतो.

लाईट जाणार हे धरून चाला

पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघताना डिस्कवर आपोआप काही लिहिलं जात नाही. त्या वेळी लाईट गेली तरी नुकसान नाही, म्हणून आवाज, वायफाय, कीबोर्ड, टचपॅड सगळं इथेच निवांत तपासा. पण ‘इन्स्टॉल’ दाबून पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, बदलायला सुरुवात झाली की पुढची वीस-तीस मिनिटं वीज अखंड हवी. जुन्या लॅपटॉपची बॅटरी किती टिकते ते आधीच चार्जर काढून बघा. पंधरा मिनिटांत बंद पडत असेल तर तिच्यावर विसंबू नका, इन्व्हर्टरवरच्या सॉकेटला लावा. डेस्कटॉप यूपीएसशिवाय नकोच. मिरगाच्या आधीच्या आणि परतीच्या पावसात ढग गडगडत असतील तर काम दुसऱ्या दिवशी करा आणि चार्जरबरोबर नेटची वायरही काढून ठेवा. वीज त्या वायरीतूनही येते.

इन्स्टॉल संपल्यावर ‘पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा’ असं आलं की त्याच क्रमाने करा, नाहीतर यंत्र पुन्हा पेनड्राइव्हवरूनच सुरू होईल आणि इन्स्टॉल झालंच नाही असं वाटेल. नवं लिनक्स आठवडाभर नीट चाललं की मगच पेनड्राइव्ह मोकळा करा. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटला त्याचा पूर्ण आकार परत मिळेलच असं नाही. रूफसमध्ये ‘बूट सिलेक्शन’ला ‘नॉन बूटेबल’ निवडून ‘स्टार्ट’ दाबलं की १६ जीबीचा पेनड्राइव्ह पुन्हा १६ जीबीचा होतो.